साउथ फोर्क धरण

साउथ फोर्क धरण : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, लिटल कोनमॉ नदीच्या साउथ फोर्क या शाखेवर बांधलेले मातीचे धरण. ते जॉन्सटाउन शहराच्या वरील बाजूस सु. २३ किमी. अंतरावर होते. मूळचे हे शासकीय धरण पुढे एका खाजगी क्लबाच्या मालकीचे झाले व त्याचा जलाशय केवळ विहारासाठी वापरण्यात येऊ लागला. ३१ मे १८८९ रोजी धरण फुटून आलेल्या महापुरात २,२०९ लोक मृत्युमुखी पडले. जलाशयाचा उपयोग बदलला, तरी अडविलेल्या पाण्याचा धोका कमी होत नाही, हे या धरणाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

रचना : पेनसिल्व्हेनिया कालव्यातील नौकानयनासाठी कोरड्या ऋतूत पाणी पुरविणे, हा धरणाचा मूळ हेतू होता. बांधकामास १८४० मध्ये प्रारंभ झाला. मध्यंतरी ते काही वर्षे बंद पडले व १८५३ मध्ये पूर्ण झाले. धरणाची उंची सु. २२ मी. व लांबी सु. २८४ मी. होती. पाण्याकडील भागात ओल्या चिकणमातीचे थर दाबून बसविलेले होते, तर खालच्या बाजूस दगडांचा भराव होता.

मातीचे धरण स्वतःच्या वजनाने पाण्याचा दाब सहन करते. मात्र माथ्यावरून वाहणारे पाणी त्याला सोसत नाही. असे पाणी खालच्या उतारावरील माती खरवडून नेते, त्यामुळे पडलेली घळ खोल व रुंद होत जाते आणि अखेरीस भरावच वाहून जातो. म्हणून जादा पाणी बाजूने काढून देणारा पुरेसा सांडवा आणि जलाशयाची पातळी हवी तेव्हा उतरविता येईल असे तळाशी निर्गममार्ग, या दोन सोयी अशा धरणास आवश्यक असतात. साउथ फोर्क धरणास या दोन्ही सोयी होत्या. एका टोकाशी खडकात सांडवा खोदलेला होता व तळाशी दगडी मोरीतून ओतीव लोखंडाचे पाच नळ नेलेले होते.

मालकीतील बदल : धरण पूर्ण होते न होते तोच लोहमार्ग सुरू झाल्याने कालव्याचे महत्त्व संपले. १८५७ मध्ये धरण पेनसिल्व्हेनिया रेल्वे कंपनीकडे गेले. १८६२ मध्ये मोरीजवळचा भराव खचून धरणास खिंडार पडले. परंतु त्या वेळी जलाशय पूर्ण भरलेला नसल्याने मोठी हानी झाली नाही. १८७५ मध्ये ते विकत घेणाऱ्या मालकाने तळाचे लोखंडी नळ काढून मोडीत विकले. त्यामुळे पातळी उतरविण्याचे साधन नाहीसे झाले.

१८७९ मध्ये स्थापन झालेल्या ‘साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब’ या संस्थेने धरणाची डागडुजी करून जलाशय पुन्हा भरला. अँड्रू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्रू मेलन इ. पिट्सबर्गचे धनाढ्य उद्योगपती तिचे सभासद होते. सु. ३ किमी. लांबीच्या या ‘कोनमॉ सरोवरा’त मासेमारी व नौकाविहार चाले. खिंडार माती, दगड, झाडाच्या फांद्या व गवत यांनी बुजविण्यात आले. नळ मात्र पुन्हा बसविले गेले नाहीत. माथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून तो सु. एक मीटरपर्यंत उतरविण्यात आला. सरोवरातील मासे निसटू नयेत यासाठी सांडव्यावर जाळ्या लावल्या गेल्या. या प्रत्येक फेरबदलाने विहाराची सोय झाली, पण धरणाची सुरक्षितता घटली.

जॉन्सटाउन येथील केंब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅन्येल मॉरेल यांनी १८८० मध्ये आपले अभियंते जॉन फुल्टन यांच्याकडून धरणाची पाहणी करविली. निर्गमनळांचा अभाव व दुरुस्तीचा निकृष्टपणा हे दोष फुल्टन यांनी दाखवून दिले. दुरुस्तीच्या खर्चाचा काही भाग उचलण्याची मॉरेल यांची तयारी होती. तथापि क्लबाने ती सूचना स्वीकारली नाही.

दुर्घटना : ३० व ३१ मे १८८९ रोजी झालेल्या अतिवृष्टीने सरोवराची पातळी झपाट्याने वाढली. मजुरांनी माथा उंचावण्याचा व दुसरा सांडवा खोदण्याचा प्रयत्न केला, पण तो निष्फळ ठरला. सांडव्यावरील जाळ्या केरकचऱ्याने तुंबल्या होत्या. तारेने धोक्याचे संदेश पाठविण्यात आले. परंतु पूर्वीही अशा आवया उठल्या असल्याने त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटले आणि सु. १ कोटी ४५ लक्ष घ. मी. पाणी दरीत कोसळले. चार वाजून सात मिनिटांनी लोंढा जॉन्सटाउनला पोहोचला. लाकूडसामान, रेल्वेचे डबे व घरांचे अवशेष दगडी रेल्वेपुलाशी अडकून त्यांचा ढीग पेटला. त्यात अडकलेले अनेक लोक जळून मेले. क्लॅरा बार्टन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन रेडक्रॉसने केलेले मदतकार्य हे त्या संस्थेच्या आरंभीच्या मोठ्या कार्यांपैकी एक होय.

परिणाम : आपत्तीग्रस्तांनी भरपाईसाठी दावे केले, परंतु न्यायालयांनी क्लबाला जबाबदार धरले नाही व आपत्ती दैवी ठरली. माथा न उतरविता तसाच राहिला असता, तरीही धरण फुटलेच असते, असा निष्कर्ष अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल एंजिनिअर्सच्या समितीने १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात काढला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जलशास्त्रीय अभ्यासाने तो खोडून काढला. माथा उतरविल्याने पाणी सुरक्षितपणे वाहून जाण्याची क्षमता सु. निम्म्यावर आली होती, असे त्यात दाखविले आहे. या दुर्घटनेनंतर, धोक्याच्या गोष्टी बाळगणाऱ्यावर निष्काळजीपणा सिद्ध न होताही दायित्व टाकणारे तत्त्व अमेरिकन न्यायालयांत अधिक स्वीकारले जाऊ लागले.

असे धोके पुढेही उद्‌भवले. जॉर्जिया राज्यातील टोकोआ फॉल्स येथे एका महाविद्यालयाच्या मालकीचे केली बार्न्झ हे मातीचे धरण ६ नोव्हेंबर १९७७ रोजी फुटून ३९ जण मरण पावले. त्याचाही जलाशय अखेरच्या काळात विहारासाठीच होता. त्यानंतर संघीय शासनाने धोकादायक ठरू शकणाऱ्या बिगरसंघीय धरणांची तपासणी हाती घेतली. धरणाचा लाभ मालकाला मिळतो, पण ते फुटल्यास हानी मुख्यतः खालच्या वस्तीची होते. म्हणून देखरेख केवळ मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही, ही जाणीव अशा तपासणीमागे आहे.

साउथ फोर्क धरणाची दोन्ही टोके अद्याप शिल्लक असून, १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्मारकात त्यांचे जतन केले आहे.