दारू, सुरुंग आणि बोरघाट

चीन देशाने जगास दिलेल्या शोधांची नावे घ्यावयाची झाल्यास कागद, मुद्रण, होकायंत्र आणि बंदुकीची दारू ही चार प्रथम जिभेवर येतात. पहिल्या तिहींची थोरवी आपण शाळेतच ऐकतो. चौथीचे नाव निघाले, की मात्र लढाईखेरीज दुसरे काही आठवत नाही. तिची दुसरी बाजू पाहावयास चीनपर्यंत जाण्याचे कारण नाही. लोणावळ्याहून कर्जतकडे उतरणाऱ्या आगगाडीत खिडकीशी बसले म्हणजे पुरे.

या दारूचा जन्म रणांगणावर झालाच नाही. अमरत्व देणारे रसायन शोधणाऱ्या चिनी किमयागारांच्या हाती ती नवव्या शतकाच्या सुमारास लागली. तिला चिनी भाषेत 'हुओ याओ', म्हणजे अग्नीचे औषध, असे नाव पडले. १०४४ सालच्या एका चिनी युद्धग्रंथात तिच्या कृती दिलेल्या आहेत. पुढे ती विद्या पश्चिमेस गेली; अरबांनी सोऱ्यास 'चीनचे बर्फ' म्हटले. मौज अशी, की आपला 'दारू' हा शब्द फारसी असून त्याचाही मूळ अर्थ औषध असाच आहे!

सोरा, गंधक आणि कोळसा एवढेच तिचे घटक. त्यांत सोरा सुमारे तीन चतुर्थांश. एरवी कोणताही पदार्थ जळावयास बाहेरची हवा लागते. सोरा तापला, की तो स्वतःच प्राणवायू पुरवितो. म्हणून ही दारू खडकातील बुजविलेल्या छिद्रातही पेटते, आणि क्षणार्धात उत्पन्न झालेल्या तप्त वायूंस वाट न मिळाल्यामुळे खडक दुभंगतो. तोफेच्या नळीत कोंडली, तर तेच वायू गोळा फेकतात.

गोळा फेकण्याचे काम मावळाने पुष्कळ पाहिले. जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेला कॅप्टन स्टुअर्ट, आपला 'इष्टूर फाकडा', कार्ल्यास तोफेच्या गोळ्याने पडला, आणि त्याच महिन्यात वडगावास इंग्रजांना तह करावा लागला. दारू सांभाळणे हे लढण्याइतकेच अवघड. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर असावा, त्यास ओल लागू देऊ नये, दर आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून उन्हे द्यावीत, अशी ताकीद आहे. लोहगडाचा आषाढ ज्यांनी पाहिला आहे, त्यांस या ताकिदीचे मर्म सांगावयास नको.

याच मुलखात कार्ल्याचे चैत्यगृह आहे. सुमारे १२४ फूट लांबीचे ते दालन दोन हजार वर्षांपूर्वी केवळ छिन्नी-हातोड्याने कोरले गेले. त्याच सह्याद्रीत १८५६ मध्ये बोरघाटाच्या लोहमार्गाचे काम सुरू झाले तेव्हा हाती दारू होती. सुमारे पंधरा मैलांत १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे! जेथे उभे राहण्यास कडा नव्हता तेथे मजूर दोरांनी लोंबकळत पहारीने छिद्रे पाडीत, ती दारूने ठासून वात लावीत, आणि वर ओढले जात. संस्कृतात 'सुरुंगा' म्हणजे भुयार. मराठीने तो शब्द भुयार पाडणाऱ्या स्फोटास दिला, हे मला फार समर्पक वाटते. नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले ते १८६७ मध्ये. सारांश, हा सारा घाट त्या जुन्या काळ्या दारूनेच फोडला.

परंतु दारू खडक फोडते, तो वाहून नेत नाही. ते काम माणसांचे. १८६१ च्या आरंभी त्यांची संख्या ४२ हजारांवर गेली होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालविले. पटकीने व तापाने हजारो मजूर दगावले. पावसाळ्यात उघड्यावरील काम बंद पडे, आभाळ निवळताच नवी माणसे येत, आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला.