मुसीकाठची पेठ आणि नदीची जागा

हैदराबादेत अफझलगंजानजीक उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुनी चिंच आहे. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीस महापूर आला, तेव्हा तिच्या फांद्यांना बिलगून सुमारे दीडशे माणसे वाचली. शहरात मृत्यू पावलेल्यांची संख्या 15,000च्या घरात सांगतात. काठावरील वस्त्या व पेठा उद्ध्वस्त झाल्या.

निजाम सरकारने 1909 साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. पुण्यात शिकलेले आणि खडकवासल्याच्या धरणास स्वयंचलित दारे बसविणारे तेच हे अभियंते. काठावर भिंत घालण्याचा विचार करण्यापूर्वी त्यांनी नदीचे वरचे अंग तपासले. पाणलोटात 788 तलाव होते. त्यांपैकी 221 फुटले होते. पाणी शहराच्या वरच अडविले पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष. त्यातूनच मुसीवर उस्मानसागर (1920) व ईसीवर हिमायतसागर (1927) उभे राहिले. शहरातील काठ बांधून तेथे बागा व रस्ते करावेत, हीही त्यांचीच सूचना.

पुढे 1912 साली नगरसुधार मंडळ स्थापन झाले. त्याने नव्याने बांधलेली पत्थरगट्टी आपल्या व्यापारी बंधूंनी अवश्य न्याहाळावी. दगडी कमानींच्या ओळी, कमानींखाली छायेची वाट, तळाशी दुकाने आणि वर मजले. ऊन असो वा पाऊस, गिऱ्हाइकाचे पाऊल दुकानाकडे वळते. नगररचनाकार आज ‘मिश्र वापर’ म्हणून जे सांगतात, ते आपल्याला नवे नाही. खाली पेढी आणि वर बिऱ्हाड ही आपल्या वाडवडिलांची रीतच होती.

पुराची आठवण मात्र पुसट होत गेली. इम्लीबन येथे खुद्द नदीच्या पात्रात बसस्थानक बांधले गेले. सप्टेंबर 2025 मध्ये वरच्या जलाशयांची दारे उघडताच त्यात पाणी शिरले आणि प्रवासी अडकले. नदी आपली जागा विसरत नाही, हे आपण मालाची कोठी बांधताना तरी ध्यानात घ्यावे!

आता मुसीच्या सुमारे 55 किलोमीटर काठाच्या विकासाची योजना पुढे आली आहे. त्यासाठी 2017 साली स्वतंत्र महामंडळही स्थापन झाले. आमच्या मते आराखड्यात सर्वांत खालची पायरी बागेची असावी, दोन दिवस पाण्याखाली राहिली तरी पुन्हा हिरवी होईल अशी. तिच्यामागे उंचावर रस्ता, आणि त्याच्याही मागे पेठ. नदीतील सांडपाण्याचा बंदोबस्त तर आधीच व्हावयास हवा. दुर्गंधीत बागेकडे कोण फिरकणार? आणि गाळ्यांचे भाडे कोण देणार?

एक गोष्ट मनास टोचते. 2024 साली पात्रातील घरे हटविण्यास आरंभ झाला, तेव्हा मोठा विरोध झाला. विस्थापितांस दूर कोठे घर मिळाले, तरी किरकोळ दुकानदाराचे गिऱ्हाईक त्याच्याबरोबर जात नाही. वर्षानुवर्षांची उधारीही बुडते. तेव्हा नव्या पेठेतील तळमजल्याचे किती गाळे जुन्या दुकानदारांसाठी, आणि कोणत्या भाड्याने, हे आराखड्यातच लिहिलेले असावे. आपल्या संघाने हरकती नोंदविताना हाच प्रश्न प्रथम विचारावा.