आजीची रोजकीर्द

नारायण पेठेतील आमच्या जुन्या वाड्याचा कारभार जिने अर्धशतकाहून अधिक काळ निगुतीने सांभाळला, आणि तो सांभाळीत असतानाच शहरावर आलेल्या प्रत्येक संकटात जी पदर खोचून उभी राहिली, त्या माझ्या आजीविषयी लिहावयाचे म्हणजे पुण्याच्या एका अलिखित दप्तराचाच मागोवा घेणे आहे. संस्थांच्या वार्षिक अहवालांतून देणगीदारांची नावे रकमांसह छापली जातात. परंतु ज्यांनी पिठाच्या पराती मळल्या, बाळंतिणींना शेक दिला, आजाऱ्यांच्या उशाशी रात्री जागून काढल्या, त्यांच्या वाट्यास ‘भगिनींचेही साह्य झाले’ एवढे एक वाक्य येते. आजी गेल्यानंतर तिच्या फडताळातून निघालेल्या लाल बासनातील रोजकीर्दी मी वाचीत बसलो, तेव्हा या एका वाक्याखाली किती आयुष्ये दडपली गेली आहेत याची मला प्रथम जाणीव झाली. त्या वह्यांत घरचा खर्च आणि परक्यांसाठी केलेला खर्च यांची खाती निराळी नाहीत. धाकट्या आत्याच्या औषधाखालीच कोणा भाडेकरणीच्या बाळंतविड्याचे डिंक-खोबरे त्याच शाईने मांडलेले आहे.

आजीचे माहेर वाईचे. अकराव्या वर्षी लग्न होऊन ती पुण्यास आली, तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने 1909 साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले आणि प्रौढ स्त्रियांसाठी तेथे वर्ग भरू लागले. त्या वर्गांना जाण्याची परवानगी आजोबांनी उघडपणे दिली, पणजींनी मात्र एका अटीवर दिली. सूनबाईने बाहेरून आल्यावर स्नान करून सोवळे नेसल्याखेरीज स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडावयाचा नाही, हा त्यांचा हुकूम होता. हिवाळ्यातही हौदाच्या गार पाण्याने दुसरे स्नान करून आजी चुलीपुढे बसे आणि ते तिने वर्षानुवर्षे बिनतक्रार केले. या काळच्या वाचकास पणजींची अट जाचक वाटेल, आणि ती होतीच. परंतु अट घालून का होईना, त्यांनी वाट मोकळी केली.

येथे एका स्त्रीचा उल्लेख केल्यावाचून हा मागोवा पुढे नेणे अन्यायाचे होईल. आजीची थोरली जाऊ बालविधवा होती. आजी वर्गास जाई, पुढे रुग्णसेवेस जाई, तेव्हा घरातील पंचवीस-तीस पानांचा स्वयंपाक आणि आजीची स्वतःची मुले ही आमची थोरली आजी सांभाळी. तिने वाड्याबाहेर कधी कोणाची सेवा केली नाही, तिचे नाव कोणत्याही संस्थेच्या कागदावर नाही. तरीही आजीने बाहेर घालविलेल्या प्रत्येक प्रहराचा निम्मा जमाखर्च तिच्या नावे पडावयास हवा. हे मी आजीकडूनच शिकलो. कोणी स्तुती करू लागले की ती म्हणे, “वन्सं चुलीपाशी होत्या, म्हणून मला दाराबाहेर पडता आलं.” थोरल्या जावेस ‘वन्सं’ म्हणण्याचा प्रघात नाही, पण बालपणी पडलेली ती सवय तिने जन्मभर सोडली नाही.

आळंदीच्या यात्रेत स्त्री-यात्रेकरूंच्या साह्यासाठी सेवासदनाच्या स्त्रियांची पथके रमाबाईंनी नेण्यास आरंभ केला. त्यांपैकी एका पथकासमवेत आजी प्रथम पुण्याबाहेर पडली. इंद्रायणीच्या घाटावर गर्दीत चुकलेली मुले शोधून देणे, थंडीतापाने फणफणलेल्या वारकरीण बायांना आडोशास नेणे, असे काम होते. पुरुष स्वयंसेवकासमोर बाई दुखणे सांगत नाही आणि अनोळखी बाईलाही ती विचारल्यावाचून सांगत नाही, ही गोष्ट तेथे आजीच्या ध्यानात आली आणि पुढील साऱ्या कामाची तीच किल्ली ठरली. 1918 च्या मानमोडीत तिने पेज आणि काढा घेऊन दारोदार जाताना ‘काही हवे का’ असे न विचारता ‘चूल केव्हा पेटली होती’ असे विचारावयास सुरुवात केली. त्याच साथीत तिची चार वर्षांची मुलगी दगावली. रोजकीर्दीची त्या महिन्याची पाने कोरी आहेत. त्याविषयी ती आमच्याजवळ कधी बोलली नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

पुढे नगरपालिकेच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणात मुलींचाही समावेश व्हावा म्हणून 1920 च्या सुमारास पुण्यातील स्त्रियांनी जी चळवळ केली, तीत ती माझ्या वडिलांना कडेवर घेऊन सामील झाली होती. मधल्या वर्षांचा विस्तार करण्याचे कारण नाही; ती संसाराची, बाळंतपणांची आणि रेशनच्या रांगांची वर्षे होती.

तिचे कर्तृत्व मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ते 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले तेव्हा. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, पूल बुडाले, आमच्या वाड्याचा तळमजला बघता बघता दिसेनासा झाला. आम्ही पर्वतीच्या दिशेने निघालो, तेव्हा पासष्टी उलटलेल्या आजीने दागिन्यांचा डबा माझ्या आईकडे देऊन स्वतःच्या हाती रोजकीर्द आणि पितळेचा शेर घेतला. पाणी ओसरल्यावर एका शाळेत मदतकेंद्र उघडले, तेथे तिने न सांगताच जिम्मा घेतला.

तेथील तरुण कार्यकर्ते अत्यंत तळमळीचे होते, पण त्यांनी धान्याच्या रांगा लावल्या आणि रांगेत बायका फारशा दिसेनात. आजीने कारण शोधले. अंगावरच्या एकाच ओल्या लुगड्यानिशी चारचौघांत उभे कसे राहावयाचे म्हणून बायका आत कोपऱ्यात बसून होत्या. तिने एका वर्गाच्या दारास सतरंजी बांधून आडोसा केला, आलेल्या कपड्यांच्या ढिगातून लुगडी-चोळ्या निवडल्या, विटाळाच्या दिवसांसाठी जुन्या धोतरांच्या घड्या करून ठेवल्या, आणि आधी वस्त्र, मग धान्य, असा क्रम लावून दिला. ज्यांच्याकडे चूल नाही त्यांस कोरडा शिधा देऊन उपयोग नाही, हे तिचे दुसरे म्हणणे. म्हणून पहिले काही दिवस भाकऱ्या आणि पिठले शिजवूनच वाटले गेले. कालपर्यंत दुसऱ्यास वाढणारी पांढरपेशी घरे हात पसरावयास लाजत, त्यांचा शिधा अंधार पडल्यावर पदराखालून पोचता होई. धरणे गेल्यामुळे शहराच्या नळांचे पाणी तुटले होते, पेशवाईतील कात्रजच्या नळाचे हौद आणि वाड्यांतील आड पुन्हा उपयोगात आले. कोणत्या आडाचे पाणी पिण्याजोगे आणि कोणत्याचे केवळ भांड्यांपुरते, याची माहिती महानगरपालिकेच्या कारकुनाने आमच्या आजीकडूनच लिहून घेतली.

हे सारे शहाणपण कोठून आले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझे प्रांजळ मत असे की, ते एकत्र कुटुंबाच्या माजघरातून आले. कोणी अर्धपोटी उठले हे पानावरून ओळखणे, रुसलेल्यास न दुखवता जेवावयास बसविणे, उद्याच्या पिठाची तजवीज आजच करून ठेवणे, ही विद्या तिने बाहेर नेली एवढेच. समाजकार्याच्या शिक्षणाचे आज जे अभ्यासक्रम आखले जातात, त्यांत या विद्येस मानाचे स्थान मिळावे असे मला मनापासून वाटते.

1967 च्या कोयनेच्या भूकंपानंतर तिने पेठेतून गोधड्या गोळा केल्या. फाटकी गोधडी मात्र शिवल्यावाचून पाठवू दिली नाही. 1972 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो येऊ लागली, तिची भाकरी थापता थापता मोडे. तेव्हा पीठ आधणाच्या पाण्यात उकडून मळण्याची रीत ती ओसरीवर बसल्या बसल्या शेजारणींना दाखवी. त्यानंतर तिचे चालणे खुंटले. पावसाळ्याच्या तोंडी ज्या घरांची चौकशी करावयाची, त्यांची यादी तिने माझ्या आईच्या हवाली केली. आईने पहिल्याच वर्षी तीतील दोन घरे वगळली, कारण तेथील मुले कमावती झाली होती, आणि गोखलेनगरात नव्याने राहावयास गेलेली तीन घरे जोडली. आजीने वही मागून घेऊन ती तीन नावे वाचली, आणि एका घरापुढे ‘म्हातारी एकटी, दर आठवड्यास जाणे’ असे स्वतःच्या थरथरत्या अक्षरांत लिहून वही परत केली.