बिल हाती येण्याआधी ‘धर्मादाय’ खाट मागा

काचेच्या दारांचं, कॉर्पोरेट थाटाचं रुग्णालयही कागदोपत्री सार्वजनिक न्यास असू शकतं. महाराष्ट्रात अशा धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली २००६ची योजना बंधनकारक आहे. त्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी, तिथे उपचार मोफत. आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी, सवलतीच्या दरात. खर्च भागतो तो निर्धन रुग्ण निधीतून. त्यात रुग्णालयाने एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम जमा करायची असते. म्हणजे हे कुणाचे उपकार नव्हेत.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन थेट रुग्णालयातल्या समाजसेवकाला गाठा. बिलिंगच्या खिडकीवर ही माहिती आपणहून क्वचितच मिळते. जमल्यास भरती होतानाच अर्ज द्या. डिस्चार्जच्या दिवशी धावाधाव करून फारसं हाती लागत नाही.

जिवावर बेतलं असेल तर अनामत रक्कम न मागता रुग्णाला दाखल करून घ्यावंच लागतं, प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचारही द्यावे लागतात.

‘खाट शिल्लक नाही’ असं उत्तर मिळालं, तर ते लेखी मागा. तक्रार जिल्ह्याच्या धर्मादाय सह किंवा उपआयुक्तांच्या कार्यालयात करता येते.