संगणक एक, बिऱ्हाडे तीन

मीरा-भाईंदर, प्रतिनिधी

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून ठाण्याकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो, त्या घोडबंदर गावात वसईच्या खाडीवर नजर ठेवून एक जुना किल्ला उभा आहे. पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा तीन सत्ता या किल्ल्याने पाहिल्या. मात्र नव्याचा अंमल सुरू व्हायचा, तर आधीच्याला आपले चंबूगबाळे आवरून बाहेर पडावे लागत असे. किल्ल्याच्या आसमंतात आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांतील अनेक घरांत संगणकाच्या बाबतीत आजही हाच न्याय चालतो. एकाने सगळे आवरून उठायचे, मगच दुसऱ्याने बसायचे.

समजा, अशाच एका घरात आई गृहनिर्माण सोसायटीची खजिनदार आहे. रात्री नऊ वाजता ती थकबाकीचा तक्ता भरत बसली आहे. तेवढ्यात कुकरची शिट्टी होते आणि ती उठते. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला रात्री दहाच्या आत प्रकल्प पाठवायचा आहे. तो खुर्चीत बसतो, समोरच्या सगळ्या खिडक्या बंद करतो आणि ‘बदल जतन करायचे का?’ या प्रश्नाला घाईघाईत ‘नाही’ असे उत्तर देऊन मोकळा होतो. आईची दोन तासांची मेहनत पाण्यात जाते. त्यानंतर घरात जो संवाद घडतो, तो बहुतेक वाचकांच्या परिचयाचा असेल.

या प्रसंगात दोष मुलाच्या घाईला दिला जातो. खरे तर चूक त्याआधीच झालेली असते. घरातील सर्व माणसे संगणकाला एकच व्यक्ती म्हणून ठाऊक असतात, ही ती चूक. संगणकावर लिनक्स असेल, तर ती दुरुस्त करण्यासाठी एक रुपयाही खर्चावा लागत नाही. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडायचे आणि एकाचे काम तसेच मांडलेले ठेवून दुसऱ्याने आपल्या खात्यात शिरायचे, एवढेच करायचे असते. या सोयीला ‘स्विच युजर’ असे म्हणतात.

हा विषय आजच महत्त्वाचा ठरण्यास कारण आहे. ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणारे, पण धडधाकट असलेले जुने संगणक त्यामुळे अनेक घरांत अडगळीत जाण्याच्या बेतात आले. अशा यंत्रांवर उबुंटू किंवा लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली बसवणे हा त्यावरचा एक व्यवहार्य मार्ग आहे. प्रणाली बसवताना मात्र सहसा एकच खाते तयार होते. पुढे कोणी त्याकडे वळून पाहत नाही आणि सारे कुटुंब त्याच खात्यात नांदू लागते.

एका यंत्रात अनेकांचा संसार

एक संगणक अनेकांनी वापरण्याची कल्पना नवी नाही. एकेकाळी तर दुसरा पर्यायच नव्हता. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये ‘सीडीसी ३६००’ हा मोठा संगणक आला. त्या काळी अशा यंत्रांना भोके पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून काम दिले जात असे. गठ्ठा द्यायचा, आपल्या पाळीची वाट पाहायची आणि उत्तर घ्यायला पुन्हा जायचे. गठ्ठ्यात एक चूक निघाली, तर फेरा पुन्हा पहिल्यापासून.

ही प्रतीक्षा संपवण्याचा प्रयोग अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये दाखवला. यंत्राचा वेळ इतक्या बारीक तुकड्यांत वाटायचा की, प्रत्येकाला संगणक आपल्या एकट्याच्याच सेवेत आहे असे वाटावे, ही त्यामागची युक्ती. पण यंत्र सामाईक झाले तरी कागदपत्रे सामाईक होऊन चालणार नव्हते. म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द, अर्थात पासवर्ड देण्यात आला. त्या व्यवस्थेची एक फजितीही प्रसिद्ध आहे. १९६६ मध्ये एकाच वेळी दोन फायलींवर काम सुरू असताना त्यांची अदलाबदल झाली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डची यादीच दिसू लागली! सामाईक यंत्रात भिंती पक्क्या नसतील तर काय होते, याचा तो पहिल्या काही धड्यांपैकी एक होता.

पुढे १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्सचा जन्म झाला आणि १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी तिच्या धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला. अनेक माणसे एकाच यंत्रावर राहणार, हे लिनक्सने सुरुवातीपासूनच गृहीत धरले आहे. घरातल्या टेबलावर ठेवलेला संगणकही त्याला अपवाद नाही.

पडद्यामागे काय घडते?

जुन्या चाळीचे चित्र डोळ्यांपुढे आणले की ही रचना चटकन समजते. इमारत, जिना आणि पाण्याची टाकी सर्वांची, पण प्रत्येक बिऱ्हाडाची खोली वेगळी. संगणकाची स्मृती, प्रोसेसर आणि पडदा हे सामाईक. फायली, ब्राउझरमधील नोंदी, पडद्यावरचे चित्र आणि उघडलेली कामे ही ज्याची त्याच्या खोलीत.

लिनक्स प्रत्येक खात्याला एक क्रमांक देते. उबुंटू, डेबियन, फेडोरा यांसारख्या प्रणालींत पहिल्या सामान्य खात्याचा क्रमांक १००० असतो, दुसऱ्याचा १००१. शून्य क्रमांक ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यासाठी राखलेला असतो. प्रत्येक फाइलवर तिच्या मालकाचा क्रमांक नोंदलेला असतो आणि ती कोणी वाचावी, कोणी बदलावी हे त्यावरून ठरते.

आपण पासवर्ड देऊन आत शिरतो, तेव्हा आपले ‘सेशन’ म्हणजे सत्र सुरू होते. लिनक्समध्ये एकाच पडद्यामागे अनेक ‘आभासी टर्मिनल’ असतात. आईचे सत्र एका टर्मिनलवर, तर मुलाचे दुसऱ्यावर. वापरकर्ता बदलला की पहिले टर्मिनल नजरेआड होते आणि दुसरे पुढे येते. आईचा तक्ता जागेवरच, अगदी कर्सर जेथे होता तेथे थांबलेला असतो. तिने एखादी मोठी फाइल उतरवून घ्यायला लावली असेल, तर ते कामही मागे चालूच राहते.

मग आईच्या सत्रात लागलेले गाणे मुलाच्या सत्रात का ऐकू येत नाही? याची व्यवस्था ‘लॉगिनडी’ नावाची पार्श्वसेवा पाहते. ध्वनी, कॅमेरा अशी उपकरणे ज्याचे सत्र पडद्यावर आहे त्याच्या स्वाधीन करायची आणि मागे गेलेल्या सत्राकडून ती काढून घ्यायची, हे तिचे काम. त्यामुळे मागे राहिलेल्या सत्राला समोर बसलेल्या माणसाचे छायाचित्र गुपचूप टिपता येऊ नये, अशी ही योजना आहे.

अदलाबदल कशी करावी?

सर्वप्रथम सेटिंग्जमधील ‘युजर्स’ या भागात जाऊन घरातील प्रत्येकासाठी खाते उघडावे. व्यवस्थापकाचा, म्हणजे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चा अधिकार एखाद्या जबाबदार व्यक्तीलाच द्यावा. इतरांची खाती ‘स्टँडर्ड’ प्रकारची ठेवावीत.

ग्नोम या डेस्कटॉपवर उजव्या वरच्या कोपऱ्यातील मेनूत, बंद करण्याच्या बटणाखाली ‘स्विच युजर’ हा पर्याय मिळतो. एकच खाते असेल तर तो दिसतच नाही. कित्येकांना ही सोय ठाऊक नसते, त्याचे हेही एक कारण असावे. केडीई प्लाझ्मामध्ये हा पर्याय मुख्य मेनूतच असतो. तो निवडला की प्रवेशाचा पडदा येतो. तेथे आपले नाव निवडून पासवर्ड दिला की झाले. परत येतानाही हाच क्रम.

कळफलकावरूनही हे साधते. कंट्रोल आणि ऑल्ट या कळा दाबून ठेवून एफ-१, एफ-२, एफ-३ अशा कळा दाबल्या की एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जाता येते. उबुंटूच्या अलीकडील आवृत्त्यांत पहिल्यावर प्रवेशाचा पडदा आणि दुसऱ्यावर पहिले सत्र असते. एखादे वेळी चित्राऐवजी काळ्या पडद्यावर केवळ अक्षरे दिसली, तर घाबरू नये. ते रिकामे टर्मिनल असते. पुढची कळ दाबून आपले सत्र शोधावे.

येथे तीन शब्दांतील फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ‘लॉग आउट’ म्हणजे बिऱ्हाड हलवणे, यात उघडलेली सर्व कामे बंद होतात. ‘लॉक’ म्हणजे दाराला कुलूप लावून बाजारात जाणे. ‘स्विच युजर’ म्हणजे आपल्या दाराला कुलूप लावून शेजाऱ्यासाठी जिना मोकळा करून देणे.

आजोबांची खोली

स्वतंत्र खात्याचा लाभ केवळ भांडणे टाळण्यापुरता नाही. प्रत्येक सत्राची भाषा आणि मांडणी निराळी ठेवता येते. आजोबांच्या खात्यात मेनू मराठीत, अक्षरे मोठी, कळफलक देवनागरी आणि ब्राउझर उघडताच त्यांचे नेहमीचे वृत्तपत्र, अशी व्यवस्था एकदा करून ठेवली की, ‘माझी अक्षरे कोणी बारीक केली?’ ही रोजची तक्रार उरत नाही. मराठी भाषांतर सर्वत्र पूर्ण नसल्याने काही ठिकाणी इंग्रजी शब्द दिसतात, पण दैनंदिन वापरात त्याने अडत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न खासगीपणाचा. ब्राउझरने साठवलेले पासवर्ड, बँकेच्या संकेतस्थळावरील नोंदी, डॉक्टरांचे अहवाल, मुलीने मैत्रिणीला लिहिलेले पत्र हे सारे एकाच खात्यात असेल, तर ते घरातील प्रत्येकाला आणि घरी आलेल्या पाहुण्यालाही उघडे असते. आईच्या तक्त्यात तर केवळ तिची नव्हे, सोसायटीतील प्रत्येक थकबाकीदाराची माहिती आहे. ती जपणे हा तिच्या पदाचाच भाग ठरतो. दोन खोल्यांच्या घरात प्रत्येकाला स्वतंत्र खोली देता येत नाही. संगणकात मात्र ती देता येते.

कुलूप आहे, तिजोरी नव्हे

अर्थात, या भिंतींच्या मर्यादाही माहीत असायला हव्यात. उबुंटूमध्ये अनेक वर्षे एका वापरकर्त्याचा मुख्य फोल्डर दुसऱ्याला उघडून वाचता येत असे. एप्रिल २०२१ मधील २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्यांसाठी हे दार बंद करण्यात आले. त्याआधी बसवलेली आणि तेव्हापासून केवळ अद्ययावत होत आलेली प्रणाली असेल, तर जुने दार उघडेच असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या खात्यातून आपला फोल्डर उघडतो का, हे एकदा पाहावे. उघडत असेल, तर फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन इतरांची परवानगी काढून टाकावी.

दुसरी चाचणी कुलपाची. काही हलक्या डेस्कटॉपांवर पडदा बंद करणारा प्रोग्रॅम बसवलेला नसतो. तेव्हा वापरकर्ता बदलल्यानंतर कंट्रोल-ऑल्टच्या कळांनी आधीच्या सत्रात पासवर्डविना शिरता येते. आपल्या यंत्रावर तसे होत नाही ना, हे स्वतः करून पाहणे उत्तम.

तिसरी मर्यादा अशी की, व्यवस्थापकाचा अधिकार असलेली व्यक्ती कोणाच्याही फायली वाचू शकते. शिवाय पेनड्राइव्हवरून दुसरी प्रणाली सुरू करून डिस्क तपासणाऱ्याला सत्राचे कुलूप अडवू शकत नाही. त्यासाठी प्रणाली बसवतानाच संपूर्ण डिस्क कूटबद्ध करावी लागते. तिचा उपयोग संगणक बंद असताना किंवा चोरीला गेल्यास होतो. घरातल्या घरात व्यवस्थापकाचे खाते कोणाच्या हाती आहे, हाच कळीचा मुद्दा राहतो.

वीज गेली तर?

मागे ठेवलेले सत्र संगणकाच्या स्मृतीत जागा अडवून असते. चार जीबी स्मृतीच्या जुन्या यंत्रावर दोघांचेही ब्राउझर उघडे राहिले, तर संगणक मंदावतो. अशा यंत्रावर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप निवडावा आणि दिवसभराचे काम संपल्यावर लॉग आउट करावे. या क्षणी कोणाकोणाची सत्रे सुरू आहेत, हे टर्मिनलमध्ये ‘हू’ ही तीन इंग्रजी अक्षरांची आज्ञा दिल्यावर कळते.

संगणक बंद करतानाही प्रणाली मागच्या बिऱ्हाडांची दखल घेते. इतरांची सत्रे चालू असताना कोणी ‘शट डाउन’ केले, तर ग्नोम इतर वापरकर्ते आत असल्याची सूचना देते आणि सहसा व्यवस्थापकाचा पासवर्ड मागते. त्या सूचनेकडे दुर्लक्ष करून पुढे जाणे म्हणजे शेजाऱ्याच्या चुलीवर पाणी ओतणे होय. मात्र पावसाळ्यात अचानक वीज गेली, तर संगणकाला कोणाला विचारायला वेळ मिळत नाही. स्मृतीत असलेली सर्व सत्रे एका क्षणात नाहीशी होतात. म्हणून खुर्चीतून उठण्यापूर्वी काम जतन करण्याची सवय या सोयीमुळे सुटता कामा नये.

थोडक्यात, पंधरा-वीस मिनिटे बसून खाती उघडली, की घरातील एकच संगणक तिघांचा होतो. मग कुकरची शिट्टी झाली तर आईने काम जतन करावे, ‘स्विच युजर’ निवडावे आणि उठावे. मुलाचा प्रकल्प दहाच्या आत जाईल आणि जेवणे आटोपून ती परत येईल, तेव्हा थकबाकीचा तक्ता ज्या ओळीवर सोडला होता, त्याच ओळीवर तिची वाट पाहत असेल.