उतारावर खालचा गिअर

अनेक ऑटोमॅटिक गाड्यांच्या दांडीशेजारी ‘एम’ हे अक्षर आणि अधिक-उणे अशी खूण असते. हाताने गिअर निवडायच्या या सोयीला बरेच मालक कधी हात लावत नाहीत. धावत्या गाडीत आपण खालचा गिअर टाकला तर गिअरबॉक्सची वाट लागेल, ही त्यामागची धास्ती. हाताने गिअर बदलायच्या गाडीत ती रास्तच आहे: भर वेगात चुकून दुसरा गिअर पडला, की क्लच सोडताच चाकं इंजिनाला त्याच्या मर्यादेबाहेर फिरवतात आणि व्हॉल्व्ह वाकू शकतात. आजच्या ऑटोमॅटिकमध्ये दांडी फक्त मागणी नोंदवते, मान्य करायची की नाही ते गिअरबॉक्सचा संगणक ठरवतो. समजा, तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर 1.5 आणि दुसऱ्याचं 2.4 आहे. इंजिन मिनिटाला 2,500 फेऱ्यांवर असताना दुसरा मागितला तर फेरे 4,000 होतील, तो मिळतो. 4,500 वर मागितला तर 7,200 होतील. तो मिळतच नाही. शिवाय ओव्हरटेक करताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, की हाच गिअरबॉक्स इंजिनाची पूर्ण ताकद अंगावर घेऊन आपणहून एक-दोन गिअर खाली येतो. त्याची भीती कुणाला वाटत नाही.

‘ब्रेक पॅड स्वस्त, गिअरबॉक्स महाग; मग वेग ब्रेकनेच कमी करावा’ हा आक्षेप सपाट रस्त्यावर मला मान्य आहे. सिग्नलला थांबताना गिअर खाली आणत बसणं ही निव्वळ हौस. घाटात हिशेब पॅडच्या किमतीचा नसतो, उष्णतेचा असतो. माणसांसह दीड टनाची गाडी बोरघाटासारख्या घाटात 500 मीटर खाली उतरते, तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते तिच्यात सुमारे 25 लिटर पाणी उकळीला येईल. थोडी हवा आणि टायर खातात, खालच्या गिअरमध्ये इंजिन वाटा उचलतं, नाहीतर उरलेली सगळी ब्रेकच्या वाट्याला येते. नव्या डॉट-4 ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू निदान 230 अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषून जुनं झालेलं तेल मात्र 155 अंशांच्या आसपासही उकळू शकतं. मग नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. ‘डी’मध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की बऱ्याच गाड्या वरचा गिअर घेतात आणि नको तिथे इंजिनाचा अटकाव घटतो. फेरे वाढले म्हणून पेट्रोल जास्त जळेल, ही शंकाही फोल आहे. पाय वर असताना इंजेक्टर इंधन तोडतात, इंजिन चाकांच्याच जोरावर फिरतं.

म्हणजे धोका अजिबात नाही, असंही नाही. संगणक इंजिन सांभाळतो. चाकाखालचा ओला रस्ता त्याला आधीच कळत नाही. पावसात ऐन वळणावर गिअर खाली टाकला तर पुढची चाकं घसरू शकतात. एएमटीमध्ये, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्स यंत्राने बदलणाऱ्या गाडीत, क्लच हाताने गिअर बदलायच्या गाडीसारखाच असतो, म्हणून तिथे विनाकारण वर-खाली करणं म्हणजे त्याची झीजच. आणि काही गाड्या ‘एम’मध्येही फेरे लाल रेषेला भिडले की आपणहून वरचा गिअर घेतात, ऐन उतारावरसुद्धा. तेव्हा घाट सुरू होण्याआधीच ब्रेकने वेग कमी करा, मग एकेक गिअर खाली या, आणि आपली गाडी यातलं काय करते ते मालकाच्या पुस्तिकेत आधी वाचून घ्या.