दुसऱ्या आवाजाचं बळ

बैठकीत गप्प बसणाऱ्याला आपण भित्रा ठरवतो. प्रयोग मात्र वेगळंच सांगतात. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत लोकांना रेषांची लांबी ओळखायला लावली. गटातले आधीच पढवलेले बाकी सगळे एकमुखाने चुकीचं उत्तर देत, तेव्हा सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्याच मागे गेली. त्यांतला एक जण जरी खरं बोलला, तरी हे प्रमाण झपाट्याने घसरलं. बोलण्याचं धाडस शेजारच्या आवाजातूनही येतं.

कोणी म्हणेल, रेषा चुकली तर नोकरी जात नाही. साहेबांपुढे बोलणं निराळं. खरंच आहे, म्हणूनच इतरांना बोलतं करण्याची पहिली जबाबदारी साहेबांची. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारत आणि समोरच्या जमावाकडूनच उत्तर घेत. ज्यांचं मत एरवी कुणी विचारत नसे, तेही बोलते होत. अकोल्याच्या जिनिंगमध्ये किंवा अमरावतीच्या कार्यालयात हे जमण्यासारखं आहे. साहेबांनी आपलं मत शेवटी सांगावं, नव्या माणसाला आधी विचारावं. आणि त्याचं म्हणणं पटलं, तर आपणही चहाच्या टपरीची वाट न पाहता बैठकीतच तसं बोलावं.